जिभेवर काहीच नव्हतं

सकाळी घरी येऊन तिनं डबा उघडला, तर तो रिकामा होता.

ओट्यापाशी उभी राहून ती नुसती बघत राहिली. तीन पुडांचा स्टीलचा डबा. वरच्या पुडात अंड्याच्या बलकाचा पिवळा चुरा, मधल्यात भाजीचं तेल आणि कडेला चिकटलेला गाजराचा एक कीस, खालच्यात डाळीची वाळलेली रेघ. चमचासुद्धा खरकटा. कुणीतरी पोटभर जेवलं होतं आणि पुन्हा झाकण लावून कडी अडकवून ठेवली होती. डबा रात्रभर नर्सांच्या खोलीत तिच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली तिच्या खिशात. म्हणजे जेवली असेल तर तीच. पण रात्री तिला जेवायला वेळच मिळाला नव्हता. एकामागून एक दोन नवे पेशंट आले होते, त्यातल्या एकाचा श्वास पहाटेपर्यंत ठिकाणावर नव्हता. मधे कधीतरी वॉर्डातल्या मावशींनी तिच्या हातात चहाचा कप आणि दोन बिस्किटं ठेवली, तेवढंच. बसमध्ये तिनं ठरवलंही होतं की घरी गेल्यागेल्या आधी डबा गरम करायचा, मग अंघोळ, मग झोप. आणि आता डबा सांगत होता की जेवण झालंय.

"जेवलीस ना रात्री?" गॅलरीतून सासऱ्यांनी विचारलं. ते कुंड्यांना पाणी घालत होते. हा प्रश्न ते रोज सकाळी विचारत आणि ती रोज "हो बाबा" म्हणत असे. बहुतेक वेळा ते खरं असे, क्वचित खोटं. आज पहिल्यांदाच आपण खरं बोलतोय की खोटं, हे तिला माहीत नव्हतं.

"हो बाबा," ती म्हणाली.

"मीठ कमी नव्हतं ना?"

"नाही. बरोबर होतं."

तिनं डबा विसळला नाही. पुडं एकावर एक ठेवून कडी लावली आणि आपण तो उघडलाच नाही अशा थाटात ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून दिला. नवरा सकाळीच कामावर गेला होता. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात त्याची पाळी लवकर सुरू होई. आठवड्यातले निम्मे दिवस त्या दोघांची भेट जिन्यातच व्हायची, एक चढताना, एक उतरताना. आज तीही झाली नव्हती आणि त्याचं तिला बरंच वाटलं, कारण त्यानं तोंडाकडे बघून विचारलं असतं आणि तिला काही सांगता आलं नसतं.

खोलीचे जाड पडदे ओढून ती आडवी झाली. डोळे मिटले तर आतून उजेड दिसायला लागला, वॉर्डातल्या दिव्यांसारखा पांढरा. जीभ आपोआप दातांवरून फिरायला लागली. मागच्या दाढेत नेहमी काहीतरी अडकायचं, डाळीचं साल, गाजराचा धागा. आज काही सापडेना. बिस्किटाचा गोड, पिठूळ थर तेवढा टाळूला होता. बाकी जिभेवर काहीच नव्हतं. पोटात तर खड्डा पडला होता. पण पोटाचं काय ऐकायचं? इतकी वर्षं नोकरी करून ती एक गोष्ट शिकली होती, की माणूस सांगतो त्यावर जाऊ नये. जेवलो म्हणणारा जेवलेला नसतो, दुखत नाही म्हणणाऱ्याचं दुखत असतं. डोळ्यांना दिसतं ते धरून चालावं. आणि डोळ्यांना खरकटा डबा दिसला होता.

मग ती जेवली कधी? त्या दुसऱ्या पेशंटला ऑक्सिजन लावल्यानंतर ती नर्सांच्या खोलीत गेली होती, हे आठवतं. स्वेटर घ्यायला. कपाट उघडलं होतं का? उघडलंच असणार. मग खुर्चीत टेकली होती का? टेकली असेल. तिथून पुढे एकदम खिडकीबाहेरचं आभाळ फिकट झालेलं तिला आठवत होतं. मधला तुकडा आठवत नव्हता. रात्रपाळीच्या बायका आपापसांत उघड्या डोळ्यांच्या झोपेबद्दल बोलत. हात चालू असतात, पाय चालू असतात, माणूस मात्र जागेवर नसतं. त्यावर हसायच्यासुद्धा. एकजण म्हणायची, मी एकदा झोपेतच नवऱ्याच्या शर्टाची घडी घातली, जागी असते तर घातली नसती. तेव्हा तीही हसली होती.

आणि मग, उशीवर कूस बदलता बदलता, तिच्या मनात आलं. डबा खाऊन जर आठवत नसेल, तर आणखी काय काय करून आठवत नसेल?

खिडकीजवळच्या खाटेवर एक शाळाशिक्षिका होती, पाय सुजून दाखल झालेली, साखर वाढलेली. तिला नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचं होतं. दिलं होतं. कापसाचा बोळा फिरवताना ती म्हणाली होती, "सिस्टर, तुमचा हात हलका आहे." पण हे आजचं की कालचं? ती बाई आठवडाभर तिथे होती आणि रोज हेच म्हणायची. रोजचा तोच बोळा, तीच सुई, तीच उशी मागे सरकवून वर चढवलेली बाही. तिनं सगळ्या सकाळी एकापुढे एक मांडून बघितल्या. त्यातली आजची कुठली, हे तिला निवडता येईना. दिल्यावर कागदावर सही केली असणार, त्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. एकदा देऊन, ते विसरून, पुन्हा तर नाही ना दिलं?

थोरल्या सिस्टरांचं असंच झालं होतं.

त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळा वॉर्ड त्यांना थोरल्या सिस्टरच म्हणायचा. रात्रपाळी त्यांनी मागून घेतली होती, कारण दिवसा घरी आजारी आई होती. डबा आणलेला त्यांना कधी कुणी पाहिला नाही. चहा आणि बिस्किटं, बिस्किटं आणि चहा. "रात्री पोटाला सुट्टी द्यावी," असं त्या म्हणत आणि पहाटे त्यांचे हात बारीक थरथरत, ते लपवायला त्या खिशात घालत. एका पहाटे त्यांनी एका वेल्डरला इन्सुलिन दिलं, आणि थोड्या वेळानं परत दिलं. कुणी हटकलं नाही, कारण थोरल्या सिस्टरांना कोण हटकणार? तो माणूस घामानं थबथबला, मग गप्प झाला. वाचला तो. पण घरी जाताना त्याच्या बायकोनं त्याचा हात धरला होता आणि तो तिच्याकडे, समोर आलेल्या सगळ्यांकडे बघतो तसाच बघत होता. चौकशीला बसलेल्यांनी थोरल्या सिस्टरांना बरंच काही विचारलं. त्यातला एक प्रश्न होता, त्या दिवशी तुम्ही शेवटचं कधी जेवला होता? त्या बराच वेळ विचार करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आठवत नाही." दोनदा टोचल्याचं कबूल करताना त्या रडल्या नव्हत्या. या उत्तरानंतर रडल्या.

त्या आठवड्यात तिनं हे सगळं घरी जेवताना सांगितलं होतं. नवरा "वाईट झालं" म्हणाला. सासरे मात्र ताटातला हात थांबवून ऐकत राहिले. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांना सगळं गाडीच्या भाषेत कळायचं. "म्हणजे टाकीत डिझेल नाही आणि गाडीत माणसं भरलेली," ते म्हणाले. "तू काय खातेस गं रात्री?" तीही चहा-बिस्किटंच खात होती. दुसऱ्या दिवशी ते डाळीचं भांडं घेऊन तिच्यासमोर उभे. सासूबाई असेपर्यंत त्यांनी चहासुद्धा केला नव्हता आणि त्या गेल्यावरही स्वयंपाक नवराच कसाबसा करायचा. "तुमच्याकडे आहाराचं सांगणारी बाई असते ना, तिला नीट विचारून ये. मोघम नको," असं बजावून त्यांनी तिला पाठवलं. मोठं जेवण संध्याकाळी घरून निघण्याआधी, डबा मध्यरात्रीच्या सुमाराला, पहाटे जड काही नाही, लागलंच तर फळ किंवा मूठभर दाणे, आणि चहा अर्ध्यावर. त्यांनी ते पाठ केलं. पहिल्या दिवशी डाळ करपली, दुसऱ्या दिवशी पाणी झाली. "गाडी अजून रुळते आहे," असं म्हणत त्यांनी तिसऱ्या दिवशी जमवली. हळूहळू तिचे पहाटेचे हात स्थिर झाले. रात्री वॉर्डात कितीही धावपळ असली तरी कपाटात एक भरलेला डबा आहे, या एका गोष्टीवर ती उभी असायची. तिची एवढी भिस्त होती त्या डब्यावर, आणि आज तिला तोच उघडायची भीती वाटत होती.

तिनं वॉर्डात फोन लावला. सकाळपाळीची मैत्रीण वैतागलेल्या आवाजात बोलली. "खिडकीजवळची ना? पेपर वाचत बसलीय. शुगर आत्ताच बघितली, व्यवस्थित आहे. नाश्ता आवडला नाही म्हणून कुरकुर चाललीय तिची. का गं?"

"सहज. इन्सुलिन दिल्यावर थोडी घामेजल्यासारखी वाटली होती."

"ठणठणीत आहे. तू झोपेत बोलतेयस का?"

तिनं फोन ठेवला. जीव भांड्यात पडायला हवा होता, पडला नाही. शिक्षिका सुखरूप होती, पण त्यानं एवढंच ठरलं की आज काही झालं नाही. उद्याचं काय? परवाचं? बाहेर कुणीतरी गाद्या झोडपत होतं, एकेक फटका भिंतीतून आत येत होता. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. तिनं मनाशी आपलं नाव घेतलं, घराचा नंबर, नवऱ्याचा वाढदिवस, औषधांची मात्रा काढायचं गणित. सगळं जागेवर होतं. मग तिला वाटलं, आपण तपासतोय तेवढंच जागेवर असेल. मोरीच्या भिंतीला ओल येते तसं कुठेतरी आत, रंगाच्या खाली, चालू असेल. पेशंटच्या डोक्याचे काळे-पांढरे फोटो तिनं शेकड्यानं पाहिले होते. डॉक्टर ते दिव्यासमोर धरत आणि बोटानं एक पुसट डाग दाखवत. "इथे." तो डाग आता तिला पापणीआड दिसायला लागला. नोकरी सोडावी लागेल. नाही सोडली तर कुणाचा तरी हात धरून त्याची बायको त्याला घरी नेईल आणि तो सगळ्यांकडे सारखाच बघेल. झोप आली तीही अशी, की आपण झोपलोय हे तिला कळत होतं. त्यात ती एकाच खाटेपाशी पुन्हा पुन्हा जात होती आणि दर वेळी खाटेवरची बाई म्हणत होती, "आत्ताच तर दिलंत."

उठली तेव्हा ऊन पडद्याच्या खालच्या फटीत उतरलं होतं. घसा कोरडा पडला होता. अनवाणीच ती पाणी प्यायला निघाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

सासरे ओट्यापाशी होते, पाठमोरे. शेगडीवर डाळीचं भांडं, बाजूला भात, पातेल्यात भाजी, ताटलीत सोललेली अंडी. वाफ येत होती. त्यांनी शेगडी बंद केली, बटण दोनदा फिरवून पाहिलं, मग तिसऱ्यांदा. डाळीवर झाकण ठेवलं. मग कोपऱ्यातला डबा उचलला, तिनं सकाळी कडी लावून सरकवलेला, तसाच. फडक्यानं तो बाहेरून छान पुसला, कडी ओढून घट्ट आहे ना बघितलं आणि खुर्चीला अडकवलेल्या तिच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी उभा ठेवला. पिशवीवर हलकेच थाप मारली. नंतर डाळीचं भांडं दोन्ही हातांनी उचलून, कपबशा ठेवायच्या कपाटाचं दार कोपरानं उघडून, ते त्यांनी आत सारलं. दार उघडं झालं तसा आंबूस वास आला. आत आणखी एक झाकलेलं भांडं होतं.

तिच्या अंगातून ऊन ऊन काहीतरी डोक्यापासून पायांपर्यंत उतरलं. मी नव्हे. डबा कालचाच होता. काल सकाळी थकून तो न धुताच ठेवला आपण, आणि स्वेटर, चपला, बाटली भरलेल्या पिशवीत तो हलका की जड हे खांद्याला कळलंच नाही. मी नव्हे, मी नव्हे. किती वेळ ती त्या सुखात उभी होती कोण जाणे. श्वासभरच असेल. मग सासरे वळले, आणि वॉर्डात नवा पेशंट दारातून आत येताना ती बघायची तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. गळ्याच्या हाडांमागे खळगे पडले होते. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं. डोळ्यांखाली काळं. रोज सकाळी हा माणूस तिला जेवलीस का विचारत होता, आणि तिनं मान वर करून त्यांच्याकडे कधी बघितलं होतं?

"उठलीस? डबा भरलाय," ते म्हणाले.

"काय काय दिलंय आज?"

"डाळ, भात, गाजराची भाजी. अंडी दोन." एकही गोष्ट चुकली नाही. ताटलीतली अंडी त्यांच्या हाताशीच होती.

तिला वाटलं, इथेच थांबावं. हो म्हणावं, पिशवी उचलावी, संध्याकाळी बाहेर काहीतरी विकत घेऊन खावं. पण शेगडी होती. दिवसभर ती पडद्याआड झोपलेली असे आणि घरात हे एकटे आणि पेटती शेगडी.

"बाबा, मला आत्ताच भूक लागलीय. आत्ता जेवले तर चालेल?"

त्यांना आनंद झाला. "चालेल म्हणजे काय." त्यांनी स्वतःच पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला, कडी उघडली. वरचं पूड काढलं. मग मधलं. मग खालचं. तिन्ही शेजारी मांडून ते बघत राहिले. बाहेर गाद्या झोडपणं कधीच थांबलं होतं.

"परत झालं," ते म्हणाले.

'परत' हा शब्द ऐकून ती खुर्चीत बसली. तेही बसले.

"कधीपासून बाबा?"

"ते कळतं तर काय हवं होतं." ते किंचित हसले. "थंडी होती तेव्हा एकदा दूध आणायला खाली उतरलो. कोपऱ्यावर आलो आणि डावीकडे की उजवीकडे, सुचेना. मी, ज्यानं डोळे मिटून गाडी काढली असती. एक बाई जाताना दिसली, तिच्या मागे मागे गेलो. दूध मिळालं, पण कुणाच्याही मागे जाऊन कसं चालेल?"

"सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? तुला? तुझ्या डोक्याला काय कमी आहे?" त्यांनी गाजराचा वाळका कीस नखानं सोडवला. "रात्री तू नसतेस. तो बिचारा दमून मेल्यासारखा झोपतो. मग मी इथेच बसतो, या खुर्चीत. गॅस बंद आहे ना बघतो. बघून बसलो की वाटतं, बघितला का? मग पुन्हा उठतो. उजाडेपर्यंत हेच." मग म्हणाले, "मीसुद्धा रात्रपाळीच करतो म्हण ना. फक्त पगार नाही."

तिनं उठून कपाटातलं आजचं भांडं काढलं. दुसरं, आंबलेलं, त्यांना दिसणार नाही असं मोरीत नेऊन ठेवलं. डाळ अजून गरमच होती. तिनं दोन ताटं घेतली.

"मला नको. मी जेवलोय," ते म्हणाले.

"काय जेवलात?"

ते विचार करायला लागले. कपाळाला आठी पडली, नजर शेगडीवर, मग ओट्यावर, मग आपल्या हातांवर गेली, जणू त्यांवर काही चिकटलं असेल. तो शोध तिला बघवेना. त्याच वाटेनं ती सकाळपासून फिरत होती. फरक एवढाच की ती परत आली होती.

"असू दे बाबा. माझ्याबरोबर थोडंसं खा."

पहिला घास त्यांनी तिच्या भिडेखातर घेतला. दुसरा जरा मोठा. मग ते खाली मान घालून जेवायला लागले, न बोलता, भराभर, बरेच दिवस कुणी पानावर न बसवलेल्या माणसासारखे. भात संपला तेव्हा त्यांनी ताट बोटानं निपटलं. तिनं अजून वाढला. आपणही जेवतोय हे तिला मधेच कळलं. डाळीत मीठ नव्हतं, अजिबात नव्हतं. ती जेवत राहिली.

"त्याला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"सांगावं लागेल."

"मग काय करतील माझं?"

"उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर. तपासतील, औषध देतील." पेशंटना ती जशी बोलायची तसाच आवाज निघाला, शांत, सपाट. त्या आवाजाचा काय उपयोग असतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी मान डोलावली.

तिनं त्यांना स्वतःच्या खोलीत नेऊन झोपवलं, त्या जाड पडद्यांच्या अंधारात. "शेगडी," ते उठायला लागले. "मी आहे ना. मी जागी आहे," ती म्हणाली. एवढंच पुरलं. ते लगेच झोपले, तोंड किंचित उघडं, एक हात गादीबाहेर. तिनं वॉर्डात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. तिकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं, ते तिनं ऐकून घेतलं. मग ती खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली. वॉर्डात ती अशी बसायची तेव्हा तिला ठाऊक असे की सकाळी कुणीतरी येईल, ती त्याच्या हवाली सगळं करील आणि घरी जाईल. इथे कोण येणार होतं? सासऱ्यांच्या हाताचं सालपट निघालेलं, त्यावर भाजल्याचा एक जुना डाग, तोही तिनं आत्ताच पाहिला. सकाळी ती जिला घाबरली होती ती गोष्ट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली होती, इतकंच. ती घरातच होती, आणि आता तिला इथून कुणी हलवू शकणार नव्हतं. एखाद्या सकाळी हा माणूस "जेवलीस ना" असं विचारणार नाही. मग एखाद्या सकाळी तिच्याकडे, समोर आलेल्या कुणाकडेही बघावं तसा बघेल. तिनं गादीबाहेरचा हात उचलून आत घेतला आणि सोडला नाही.

अंधारून येताना दारात किल्ली फिरली, तशी ती उठून बाहेर आली. नवरा आत आला, बूट काढता काढता थबकला. तिची पिशवी अजून खुर्चीलाच होती. दिवा लावायला पुढे झाला, तो तिनं लावू दिला नाही.

"तू गेली नाहीस?" मग हळू आवाजात, "बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. आत."

"आपल्या खोलीत? या वेळेला?" तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. "काय झालंय?"

तिनं डाळीखालची शेगडी पेटवली, ताट घेतलं, पाण्याचा तांब्या भरला. डाळीत मीठ घातलं, ढवळलं, चाखून पाहिलं.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "आधी जेवून घे. मग सांगते."